दहा हजार फुटांवर वांगी येतील का?

प्रश्न: ताई, माझी लेक अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला असते, आता मास्टर गार्डनर व्हॉलंटियरचं ट्रेनिंग घेणार म्हणते. शेतकऱ्याच्या पोरीला बागकामाचा क्लास कशाला? मे महिन्यात मी जाणार आहे, गवार-वांग्याचं बी नेऊ का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: काकू, क्लास लागतोच! आपलं कोल्हापूर साधारण 1,800 फुटांवर, लेडव्हिल 10,000 च्या वर, तिथं भर जुलैतपण रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, म्हणजे आपल्याकडं खरीप-रब्बी निवांत चालतं तसं तिथं नाही, जेमतेम दोन-तीन महिन्यांत सगळं उरकायचं. ही ट्रेनिंगची आयडिया 1970 च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात निघाली, विद्यापीठ साध्या माणसांना शिकवतं आणि मग त्यांनी ठरलेले तास फुकट लोकांना सल्ला द्यायचा. मला तर हे लई आवडलं.

वांगी, गवार विसरा, दोघांना ऊब लागते. पालक, मुळा, मटार, लेट्यूस लावा, मेथीपण ट्राय करा, पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते. संध्याकाळी वाफ्यावर जुनी चादर टाकायची, पण पानाला टेकू द्यायची नाही, खाली काठ्या रोवायच्या, आणि सकाळी ऊन आलं की लगेच काढायची. ऊन तिथं कडक असतं, कोवळी रोपं करपतात. बी मात्र इथनं नेऊ नका, कागदपत्रांशिवाय एअरपोर्टवर काढून घेतात, तिथंच घ्या. चटणी न्या की!