ओटा राखा, गाड्या मागे न्या

प्रश्न : ताई, दहीपुलाच्या बाजूला आमचं आजोबांपासूनचं कापडाचं दुकान आहे. वाडा मोडकळीला आला आहे. तो पाडून खाली दुकान आणि वर दोन मजले ऑफिसं काढायची आहेत. दर्शनी रुंदी 24 फूट. ही गल्ली पुढेमागे फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखतील, असं व्यापाऱ्यांमध्ये बोललं जातं. आमच्या आर्किटेक्टनी पुढे पार्किंग, मागे चार फूट उंच जोतं आणि वरपासून खालपर्यंत काच असा नकाशा दिलाय. वडिलांना तो पटलाय, कारण त्यांच्या मते गिऱ्हाईक गाडीवरच येतं. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटतं. काय करावं?
– एक कापड दुकानदार, जुनं नाशिक

उत्तर : तुमचं पत्र आलं आणि त्याच शनिवारी संध्याकाळी मी मेन रोडवरून दहीपुलापर्यंत पायी गेले. एका जुन्या दुकानाला अजून दगडी ओटा आहे. दोन बायका पिशव्या पायाशी ठेवून त्यावर टेकल्या होत्या, दुकानदार आतूनच त्यांना परकराचं कापड उलगडून दाखवत होता. शेजारी नवी काचेची इमारत. तिच्या पुढ्यात पाच मोटरसायकली, आणि त्यांना वळसा घालून लोक गल्लीच्या मधोमध चालत होते. त्या दुकानाकडे मान वळवून पाहणारं मला कुणी दिसलं नाही.

माणूस ताशी साधारण 5 किलोमीटर चालतो. म्हणजे तुमची 24 फुटांची दर्शनी बाजू तो पाच सेकंदांत ओलांडतो. त्या पाच सेकंदांत त्याला साडी दिसली पाहिजे, दार दिसलं पाहिजे, आत कुणीतरी बसलंय हे दिसलं पाहिजे. पुढे गाड्या लावल्यात तर जेमतेम दोन चारचाकी मावतील. दोन गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी शेकडो जणांच्या नजरेआड दुकान ढकलायचं, हा हिशेब तुमच्या वडिलांसमोर मांडा. व्यापारी माणूस आहेत, पटेल त्यांना.

नियमानुसार लागणारं पार्किंग द्यावंच लागेल. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत दाट वस्तीच्या भागासाठी सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, वेगळी आहेत, ती नीट वाचून गाड्या मागे नेता येतात का ते पाहा. आत जायला वाट एकच आणि अरुंद ठेवा. गल्ली उद्या खरंच पादचाऱ्यांची झाली, तर पुढचं पार्किंग तसंही बंद पडेल आणि दुकानापुढे रिकामा खड्डा उरेल.

आता जोत्याचं. इथे तुमच्या आर्किटेक्टचं अर्धं बरोबर आहे. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते विचारतो, आणि सराफ बाजार, दहीपूल या भागातले दुकानदार तोवर माल वर चढवायला लागलेले असतात. 2008 आणि 2019 चे पूर तुम्ही पाहिले असतीलच. म्हणून सगळ्यात आधी जागा निळ्या (मोठ्या पुराच्या) आणि लाल (त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या कुठे येते ते तपासा. पण चार फूट जोतं म्हणजे सात-आठ पायऱ्या. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका कॉम्प्लेक्सच्या नकाशावर काम केलं होतं : पाच पायऱ्या वर एक दुकान, पाच पायऱ्या खाली दुसरं. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं. पुढे गुडघे दुखायला लागल्यावर माझी आई त्याच दुकानाच्या खाली फुटपाथवर उभी राहायची आणि पोरगा पातळांचा गठ्ठा खाली आणून दाखवायचा. एकदा पाऊस आला. ती न घेताच परतली. ती चूक मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही ओटा 45 सेंटीमीटर ठेवा. ही उंची टेकून बसायला बरोबर असते, आणि समोरून 15 सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या पुरतात. मोठ्या पुराला तो पुरणार नाही, त्यासाठी मालाचे कप्पे वरच्या बाजूला आणि विजेचे बोर्ड, मीटर छातीच्या वर घ्या. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे 45 सेंटीमीटर चढायला 5.4 मीटर लांबी लागते. ती गल्लीवर काढू नका, ती जागा सगळ्यांची आहे. वरच्या ऑफिसांसाठी कडेने बोळ लागणारच आहे, रॅम्प त्यातून आत न्या. बोळाच्या टोकाला लिफ्ट आणि दुकानाचं बाजूचं दार एकाच पातळीवर येईल. वरच्या ऑफिसात येणारा चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि तुमचं गिऱ्हाईक एकाच वाटेने आत जातील.

काचेबद्दल थोडक्यात. पूर्ण काचेची भिंत एप्रिल-मे मध्ये एसीचं बिल वाढवेल. त्याऐवजी ओट्यावर पाच फुटांची ओसरी काढा, खांब तुमच्या हद्दीतच. पावसात लोक तिथे उभे राहतील, आणि उभा राहिलेला माणूस आत डोकावतोच. काच ठेवायची ती डोळ्यांच्या उंचीला, रंगीत किंवा आरशासारखी नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथवर किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच मोकळी वाट सांगितली आहे, तेव्हा बोर्ड, ताडपत्री, एसीचं बाहेरचं युनिट, काहीही त्या वाटेत येऊ देऊ नका. रात्री पत्र्याचं शटर ओढण्याऐवजी जाळीचं लावा आणि आत एक दिवा राहू द्या. सगळी शटरं पत्र्याची असली की नऊनंतर गल्ली अंधारते, आणि उशिरा घरी निघालेल्या बायकांना ते जाणवतं.

प्रश्न : कॉलेज रोडवर आमचा कॉम्प्लेक्स आणि फुटपाथ यांच्यामध्ये अडीच फुटी भिंत आहे. काढली तर दुकानं मोकळी होतील, पण फेरीवाले येऊन बसतील अशी सभासदांना भीती आहे.
– सोसायटीच्या सेक्रेटरी

उत्तर : फेरीवाले भिंतीने अडत नाहीत, तिला टेकूनच ते बसतात. त्यांनी कुठे बसायचं हे 2014 च्या कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीच्या शिफारशीवरून ठरतं, ते तिथेच मांडा. भिंत काढा, फरशी फुटपाथच्या पातळीला आणा, आणि चारचाकी आत शिरू नये म्हणून 4 फुटांच्या अंतराने आखूड खांब लावा. चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी त्यातून सहज जाते. फक्त हा पावसाळा थांबा. आवारात पाणी नेमकं कुठे साचतं त्यावर खडूने खूण करून ठेवा, आणि त्याप्रमाणे उतार काढून काम दिवाळीनंतर सुरू करा.