दोघांना सारखंच वाढवलं, मग हाच असा का?

"मोठीवर कधी आवाज चढवावा लागला नाही, मॅडम. दोघांना सारखंच वाढवलं. मग हाच असा का?" मुलाशी होणाऱ्या भांडणांमुळे माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या, पहिलीतल्या मुलाच्या आईचा हा प्रश्न. त्याच्या पोटात दुसरा दडलेला होता: माझंच काही चुकलं का? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

खरी अडचण त्या 'सारखंच'मध्ये आहे. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. बदलाशी जुळवून घ्यायला लागणारा वेळ, भावनांची तीव्रता, झोप-भुकेचा नियमितपणा असे स्वभावाचे नऊ पैलू त्यांनी मांडले. त्यांच्या मते पुढचं गणित एकट्या स्वभावावर ठरत नाही. तो स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर ठरतं. इथे आई झटपट उरकणारी, दारात ७.१० ची रिक्षा, आणि मुलाला हातातलं सोडून दुसऱ्याकडे वळायलाच वेळ लागायचा. मुलीशी मेळ आपोआप बसला होता.

आईला सात दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: भांडणाआधी काय चाललं होतं, तो काय करत होता, तुम्ही काय केलं, शेवट कसा झाला. बहुतेक भांडणं एका कामातून दुसऱ्यात जाताना होत होती. खेळ ते आंघोळ, टीव्ही ते जेवण.

शेवटच्या रकान्यात दोनच गोष्टी आलटून पालटून होत्या. तो किंचाळला की आई थकून म्हणायची, "बरं, राहू दे"; किंवा आई कडाडली की तो उठायचा. म्हणजे किंचाळलं की सुटका होते हे तो शिकला, आणि ओरडल्याशिवाय चालत नाही हे आई. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा चक्राचा बारकाईने अभ्यास केला आहे. वर्षभरात आईची पहिली हाकच करड्या आवाजात येऊ लागली, कारण भांडण होणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. घरात नावही पडलं: हट्टी.

पहिले दोन आठवडे फक्त आंघोळीच्या वेळेवर काम केलं. सगळं एकदम बदलायला गेलेली घरं चौथ्या दिवशी थकतात. दहा मिनिटं आधी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एक वाक्य. स्वयंपाकघरातून हाक नाही. "पाच मिनिटं" हे सहा वर्षांच्या मुलाला नीट उमगत नाही, म्हणून त्याच्या खेळाशी जोडून "हा पूल पूर्ण झाला की आंघोळ". पूल झाला की एकदाच सूचना, मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. आईला सगळ्यात जड गेले ते हे दहा आकडे.

जोडीला रोज १५ मिनिटं त्याच्या मनाचा खेळ. त्यात "हा रंग कोणता?" नाही, सुधारणा नाही, मोबाइल नाही. शिक्षा म्हणून ही वेळ कापायची नाही. नेमकी हीच चूक बहुतेक घरांत होते.

पाचव्या दिवशी किंचाळणं वाढलं. जुना उपाय चालेना की मूल आधी त्याचाच जोर वाढवतं. त्यातच आजींनी "आज राहू दे गं" म्हटलं. अशा वेळी माघार घेतली, तर आणखी जोरात किंचाळावं लागतं एवढंच मूल शिकतं. त्यामुळे पुढच्या भेटीला आजींनाही बोलावलं.

वागणं अचानक बदललं असेल, बोलणं मागे पडत असेल किंवा शाळेतही तेच चालू असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सहा आठवड्यांनी आंघोळ बहुतेक दिवस बिनबोभाट होत होती. अभ्यासाची वही अजून उघडत नव्हती. "मोठा झाल्यावर सुटेल ना हे?" आईने विचारलं. पूर्ण नाही. पाचवीत शाळा बदलली तर पहिला महिना पुन्हा जड जाईल. तेव्हा शाळा सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्याला नेऊन वर्ग, स्वच्छतागृह आणि बस थांबते ती जागा दाखवून आणा.