पहिली हॉल रायफल घेताना

संग्रहासाठी पहिली हॉल रायफल घ्यायची म्हणताय, निवड झकास आहे. जॉन हॉल यांच्या 1811 च्या पेटंटवरची, अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात बनलेली ही 1819 मॉडेलची रायफल मागून भरायची. खालचा खटका दाबला की ब्रीचचा ठोकळा (नळीमागचा, दारू-गोळी भरायचा भाग) पुढून वर उचलला जातो. चकमकीचा (गारगोटीच्या ठिणगीने बार काढणारा) घोडा मधोमध, म्हणून नेम धरायची माशी डावीकडे सरकवलेली. हातात घेतलीत की संग्राहक हिच्यामागे का लागतात ते कळेल.

पण घाई नको. सुरुवातीला एवढंच बघा:

- बऱ्याच रायफली पुढे टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) चालणाऱ्या केल्या गेल्या. चकमकीवाल्या मूळ नगाला भाव जास्त, त्यामुळे काही जण त्या परत चकमकीच्या करून विकतात. ठोकळ्याच्या वरच्या भागात धातूचा रंग बदलतो का, भिंगातून पाहा.
- हिचे सुटे भाग एकमेकींना बसतात. हेच तर तिचं मोठेपण, आणि खरेदीदाराची पंचाईतही तीच! ठोकळ्यावर कोरलेलं साल खरं असलं तरी नळी, दस्ता दुसऱ्याच रायफलीचे असू शकतात. झीज सगळीकडे सारखी हवी.
- घरी आणून पॉलिश करू नका. नवशिके हमखास इथेच चुकतात. जुना तपकिरी थर गेला की किंमतही गेली. मऊ फडकं, किंचित तेल, बस्स.

आणि बार काढून बघायचा मोह नको. ठोकळा आणि नळीच्या फटीतून गरम वायू निसटतो, ही तक्रार तेव्हाचीच.

कर्नल सिमियन नॉर्थ या कंत्राटदाराने बनवलेल्या हॉल नगांचं नंतर पाहू. आधी तुम्ही बघितलेल्या रायफलीच्या ठोकळ्याचे फोटो टाका, अक्षरं स्पष्ट येतील असे.