गाइड निवडताना एच-इंडेक्स किती बघायचा? (पशुपोषणापुरतं)

तुझा प्रश्न असा, की एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला) पशुपोषण मिळालंय, दोन सरांकडे जागा आहे, गूगल स्कॉलरवर एकांचा एच-इंडेक्स 17 आणि दुसऱ्यांचा 5 दिसतो, तर 17वाल्यांकडेच जावं ना? मी याच विषयात शिकून आता उदगीर भागात प्रॅक्टिस करतो, घरी दावणीला चार देवणी गाई आहेत. जरा लांबण लागेल.

एच-इंडेक्स हे माप हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली काढलं. 17 म्हणजे किमान 17 पेपर असे, की प्रत्येकाला निदान 17 सायटेशन आहेत, म्हणजे इतरांच्या पेपरांत त्याचा तितक्या वेळा संदर्भ आलाय. एखाद्यानं आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि तो 900 जणांनी वापरला, तरी त्याचा आकडा 1. शिवाय हा आकडा वयाबरोबर चढतो, उतरत नाही. वीस वर्षं नोकरी झालेल्याची नव्या माणसाशी तुलना म्हणजे पाचव्या वेताच्या गाईशेजारी पहिलारू उभी करून दूध मोजणं. आधी दोघांचा पहिला पेपर कोणत्या साली आला ते बघ.

आता आपल्या विषयाची गंमत. 1991 साली व्हॅन सोस्ट, रॉबर्टसन आणि लुईस यांचा तंतू मोजण्याच्या पद्धतीवरचा पेपर जर्नल ऑफ डेअरी सायन्समध्ये आला. दळलेला नमुना न्यूट्रल डिटर्जंटमध्ये तासभर उकळायचा; पेशीच्या आतलं विरघळतं, भिंत उरते, ती वाळवून तोलायची. तोच एनडीएफ, म्हणजे न्यूट्रल डिटर्जंट फायबर. कडबा असो, उसाचं वाढं असो की मक्याचा मुरघास, एनडीएफ काढला की बहुतेक जण हाच संदर्भ टाकतात, म्हणून त्याची सायटेशन हजारोंनी आहेत. माझ्याही थिसिसमध्ये तो आहे. पूर्ण वाचला मात्र नोकरीला लागल्यावर! म्हणजे सायटेशन पडलं म्हणून पेपर वाचला गेला, असं धरू नकोस.

कामाच्या प्रकारानंही आकडा फिरतो. चाऱ्याचा नमुना आणि कोठीपोटातलं (रुमेनमधलं) पाणी काचेच्या सिरिंजमध्ये घेऊन 24 तासांत किती गॅस होतो ते मोजलं, की थोड्या दिवसांत बरेच नमुने उरकतात. त्याला मिथेनचं, म्हणजे जनावरांच्या ढेकरेतून निघून हवा तापवणाऱ्या वायूचं, नाव जोडलं तर वाचक जगभर. याउलट गाईंवर चार बाय चार लॅटिन स्क्वेअर लावायचा म्हणजे चार गाई, चार रेशन, चार फेऱ्या; प्रत्येक गाईला प्रत्येक रेशन पाळीपाळीनं. एक फेरी 21 दिवसांची धरली तरी 84 दिवस रोज वैरण तोलायची, उष्टावळ तोलायची, पचनाच्या दिवसांत शेणसुद्धा तोलायचं. मध्येच एका गाईला दगडी (कासदाह) झाली की सगळी मांडणी विस्कटते. एवढं करून पेपर एकच.

त्यात गाय लाल कंधारी आणि खाद्य कडबा-सरकी पेंड असेल, तर संदर्भ देणार कोण? एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आणि मुरघासावर लिहिलेलं ब्राझीलमध्येही कामाला येतं. कंधारीवरचं आपल्याच दोन-चार जिल्ह्यांत. पण गाळप हंगामात लातूरकडचा शेतकरी मला विचारतो ते हेच: महिनोन्‌महिने नुसतं वाढं घातलं तर चालेल का? वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, दुभत्या गाईला ते भोवतं. या प्रश्नावर काम करणाऱ्याचा एच-इंडेक्स 5 राहिला तर मला नवल वाटणार नाही.

अर्थात 5 म्हणजे सर थोर, असंही नाही. कधी कधी 5 म्हणजे निव्वळ आळस.

म्हणून प्रोफाइल उघडून नावं नीट वाच. आपल्याकडे एस. पाटील आणि आर. जाधव किती! स्कॉलर आपोआप पेपर जोडतं, आणि चाऱ्याच्या माणसाच्या खात्यात भलत्याच विषयाचे पेपर बसलेले मी पाहिलेत. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक, असेल तर त्यावरून ताळा कर. मग लेखकांच्या रांगेत सर कुठे आहेत ते बघ. विद्यार्थी पहिला आणि सर पत्रव्यवहाराचे लेखक (कॉरस्पाँडिंग ऑथर), हे चांगलं लक्षण; त्यांच्याकडे पोरांचं नाव पुढे येतं. बारा नावांत नेहमी सातवे असतील तर विचार कर. जर्नलचं नास (NAAS, राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंग बघ, पुढे कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांतल्या नोकरीला तेच विचारतात.

पैसे घेऊन छापणाऱ्यांपासून लांब राहा. पास झाल्यावर मीही घाईत एका जर्नलला पैसे भरले. चार दिवसांत 'स्वीकारला' म्हणून मेल आला. परीक्षकाची एक शंका नाही. ती साइट आता उघडतही नाही. त्या पेपरला चार सायटेशन आहेत, त्यातली दोन माझीच.

दोघांच्याही अलीकडच्या पाच-सहा पेपरांतला पद्धतीचा भाग काढ. जनावरं किती, किती दिवस, वैरण कोणती, एवढंच टिपून इथं टाक. आणि 5वाल्या सरांचा शेवटचा पेपर कोणत्या सालचा आहे तेही कळव. सात-आठ वर्षं जुना निघाला, तर मीही तुला 17वाल्यांकडेच जा म्हणेन.