वाचकांचे प्रश्न : अकरा क्लबांचे एन्झो मारेस्का

प्रश्न : चेल्सीला 2025 मध्ये कॉन्फरन्स लीग आणि क्लब विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक एन्झो मारेस्का खेळाडू म्हणून कसे होते? त्यांनी सारखे क्लब बदललेले दिसतात. म्हणजे ते कोणालाच नको होते, असे समजायचे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्लबांची यादी पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. 1998 ते 2017 या काळात मारेस्का इंग्लंड, इटली, स्पेन आणि ग्रीस या चार देशांतील अकरा क्लबांकडून खेळले. मात्र या फिरस्तीचा पहिला निम्मा भाग त्यांच्या कुवतीपेक्षा तूरिनच्या युव्हेंटस या बलाढ्य इटालियन क्लबाच्या व्यवहाराबद्दल अधिक सांगतो. अठराव्या वर्षी इटली सोडून ते वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लंडमधील दुसऱ्या स्तरावरच्या क्लबात गेले आणि तिथे त्यांनी अशी छाप पाडली, की जानेवारी 2000 मध्ये युव्हेंटसने त्यांच्यासाठी 40 लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजली. पण ज्या संघाच्या मधल्या फळीत डेव्हिड्स, ताकिनार्दी आणि कोन्ते होते, आणि पुढे नेदवेदही आले, तिथे विशीतल्या मुलाला रोज जागा मिळणे कठीणच होते. मोठे क्लब अशा वेळी खेळाडू विकत नाहीत. एखाद्या लहान क्लबाला मोसमापुरता उसना देतात आणि तयार झाला की परत बोलावतात. त्या रीतीने मारेस्का आधी बोलोन्याला आणि नंतर पियाचेन्झाला जाऊन आले. ज्याला उसना देऊन दोनदा परत घेतले जाते, तो नकोसा कसा म्हणावा?

युव्हेंटसमधील त्यांचा एक क्षण तर तूरिनचे लोक अजून विसरलेले नाहीत. 24 फेब्रुवारी 2002 रोजी तूरिनमधल्याच तोरिनो या दुसऱ्या क्लबाविरुद्धच्या सामन्यात युव्हेंटस 1–2 असे मागे असताना अगदी शेवटी मारेस्कांनी हेडरने बरोबरी साधली आणि डोक्याला दोन्ही हातांची शिंगे करून ते धावत सुटले. तोरिनोचे चिन्ह बैल. शिंगे करून गोल साजरा करण्याची लकब तोरिनोचे फेर्रांते यांची. त्यामुळे ही नक्कल प्रतिस्पर्ध्यांच्या जिव्हारी लागली. त्या मोसमात युव्हेंटसने 71 गुणांसह, म्हणजे रोमापेक्षा अवघा 1 गुण अधिक मिळवून, इटालियन लीगचे विजेतेपद पटकावले. बरोबरीच्या त्या एका गुणाचे मोल यावरून लक्षात यावे.

फियोरेन्तिनातील एका मोसमानंतर 2005 मध्ये ते स्पेनच्या सेव्हिलात गेले आणि मला विचाराल तर खरा मारेस्का तिथेच दिसला : फार वेगवान नव्हे, पण चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणारा. 10 मे 2006 रोजी आइंडहोव्हनला झालेल्या युएफा चषक या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 78व्या मिनिटाला सहकारी कानुटेंचा फटका मिडल्सब्रोचे गोलरक्षक श्वार्झर यांनी अडवला, तेव्हा परतलेल्या चेंडूपाशी मारेस्काच उभे होते. सहा मिनिटांनी त्यांनी आणखी एक गोल केला, सेव्हिलाने सामना 4–0 असा जिंकला आणि सामनावीराचा मानही त्यांनाच मिळाला. 1948 नंतर सेव्हिलाने जिंकलेला हा पहिलाच मोठा चषक होता.

ऑलिम्पियाकोस, मालागा, सांपदोरिया, पालेर्मो आणि व्हेरोना हा पुढचा प्रवास मात्र सर्वसाधारण मुरब्बी खेळाडूचा आहे.

प्रश्न : त्यांनी प्रशिक्षक होण्यासाठी बुद्धिबळावर प्रबंध लिहिला, हे खरे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : खरे आहे. इटलीत प्रशिक्षकपदाच्या परवान्यासाठी कोव्हेर्चानो येथील केंद्रात प्रबंध सादर करावा लागतो आणि मारेस्कांनी त्यासाठी फुटबॉल आणि बुद्धिबळ यांच्यातील साम्य हा विषय निवडला. पटाचा मध्य ज्याच्या ताब्यात, डाव त्याच्या हातात, हे मारेस्कांसारख्या मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रश्न : इतके असूनही ते इटलीकडून एकही सामना का खेळले नाहीत?
– कोल्हापूरचेच वाचक

उत्तर : इटलीच्या 21 वर्षांखालील संघातून ते खेळले होते, परंतु मुख्य संघाचे दार उघडले नाही. 2006 मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते मार्चेल्लो लिप्पी, म्हणजे युव्हेंटसमध्ये मारेस्कांना जवळून पाहिलेले गृहस्थ. आइंडहोव्हननंतर दोनच महिन्यांनी त्यांनी पिर्लो, गात्तुसो, पेर्रोत्ता आणि दे रोस्सी यांच्यासारख्या मिडफिल्डरांसह विश्वचषक जिंकला, त्यामुळे निवड चुकली असे म्हणायला जागा उरत नाही. मारेस्का मात्र क्लबासाठी चमकत राहिले : त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोनॅकोला सेव्हिलाने बार्सिलोनाला 3–0 असे हरवून युरोपीय सुपर चषक घेतला, तेव्हा शेवटचा गोल पेनल्टीवर मारेस्कांनी केला.