जुन्या घरात हीटर लावण्याआधी वायरिंग बघून घ्या

ताई, मेढ्याजवळ गावी आईवडील दोघंच राहतात, घर कौलारू आणि जुनं आहे, यंदा त्यांना थंडी सोसवत नाही, म्हणून २००० वॅटचा हीटर पाठवावा का आणि आगीची भीती किती, असं तुम्ही विचारलंय. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत २६ वर्षं वायरमनची कामं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेण्णा खोऱ्यातल्या पहाटा मी अनुभवल्यात. वर महाबळेश्वरला तलावाच्या काठी दव गोठतं तेव्हा खालीही म्हाताऱ्या माणसांचे सांधे आखडतात. त्यांना ऊब हवीच, त्यामुळे हीटर नको असं मी सांगणार नाही. फक्त तो घरात येण्याआधी एकदा वायरमन घरात जाऊन आला पाहिजे.

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. तुमच्या घरात भिंतीवर जे छोटे प्लग असतील, ज्यात मोबाईल आणि टेबलफॅन लावतात, ते ६ अँपिअरचे. हीटरची पिन जाड असते, ती त्यात बसत नाही. मग कोणीतरी बाजारातून कन्व्हर्टर आणून देतं, पिन बसते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. भिंतीतली वायर मात्र तीच, बल्ब-पंख्यापुरती टाकलेली. जुन्या घरांत तर अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिचे जोड काळानुसार सैल होतात, वरून गंजाचा थर धरतो आणि तिथेच उष्णता साठते. वायर लाकडी पट्टीवरून वाशांच्या कडेनं गेलेली, वर माळ्यावर शेणी आणि जळण रचलेलं, त्यात उंदरांनी वायर कुरतडलेली. अशा घरात पहिली ठिणगी कुठे पडेल याचा मला रात्री विचार येतो, खरं सांगतो.

बरेच जण म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे, ईएलसीबी आहे, मग कसली काळजी? एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. ईएलसीबी करंट जमिनीकडे गळला तर पडतो, माणसाला शॉक लागू नये म्हणून तो हवाच. पण प्लगमधली पिन नुसती सैल असेल तर करंट वाढतही नाही आणि गळतही नाही, फक्त त्या सैल जागी पितळ तापत राहतं. या दोघांपैकी एकही पडत नाही. परळी खोऱ्यातल्या एका घरी जानेवारीत मला सकाळी सकाळी बोलावलं होतं. हीटर एक्स्टेंशन बोर्डला लावलेला आणि पाय अडकू नये म्हणून बोर्ड सतरंजीखाली सरकवलेला. बोर्ड वितळून सतरंजीला चिकटला होता आणि आजींच्या घोंगडीची कड धुमसली होती. जळक्या वासानं त्यांना जाग आली म्हणून निभावलं. एमसीबी तसाच वर होता.

म्हणून सांगतो, हीटरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर ओढून घ्या, २.५ चौरस मिलिमीटरच्या खाली नको, आणि १६ अँपिअरचा प्लग अर्थिंगसह बसवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. हे जमेपर्यंत ४००-४०० वॅटच्या दोन कांड्यांचा ८०० वॅटचा हीटर घ्या, तो साडेतीन अँपिअरच ओढतो. एका खोलीपुरता पुरतो, आणि प्लग धड असेल तर ६ अँपिअरवर चालतो. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून बंद करा, पिन काढा आणि तिला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला किंवा प्लगच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसला तर प्लग बदला. हीटर गादी, गोधडी, पडदा यांपासून तीन फूट लांब ठेवा. त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, आणि झोपताना बंद. खोली आधी तापवायची, मग गोधडीत शिरायचं.

पाण्याच्या रॉडचं थोडक्यात: प्लॅस्टिकच्या बादलीत नको, आणि तो लावून पूजेला बसायचं नाही. पाणी आटलं की बादली वितळते.

आता तुम्ही न विचारलेलं. आई बंबावर पाणी तापवत असतील. बंबाची किंवा चुलीची राख वरून निवलेली दिसते, पण आतला निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. ती तशीच उकिरड्यावर टाकली आणि वारा सुटला की जवळची पेंढ्याची गंज पेटते. राख लोखंडी घमेल्यात काढून वर पाणी मारायला सांगा. गोठ्यात डासांसाठी धूर करत असतील तर तो उघड्यावर आणि वैरणीपासून लांब, कुणीतरी जागं असेपर्यंतच.

आणि कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपणं, हे तर अजिबात करू देऊ नका. आग लागली नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही.

थंडीत खिडक्या बंद असतात म्हणून गॅसकडेही लक्ष द्या. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची, बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर बदला. आग लागलीच तर १०१ किंवा ११२. पण गावात गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर झोपायच्या खोलीच्या दाराशी टांगा आणि खिळ कशी ओढायची ते वडिलांना स्वतः दाखवा. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा. त्यांना अंधारात तो सापडतो का, तेही बघा.

गावी जाल तेव्हा आणखी एक करा. मीटरजवळ चिनी मातीचा जुना फ्यूज असेल तर मेन स्विच बंद करून तो ओढून काढा आणि आतल्या तारेचा फोटो इथे टाका. सारखा उडतो म्हणून कुणी त्यात जाड तार भरून ठेवली असेल, तर ते मी फोटोवरून सांगू शकेन. आणि तसं असेल तर वायरमन येऊन जाईपर्यंत हीटर खोक्यातच राहू द्या.