‘बसत नाही’ की ‘बसवत नाही’?

प्रश्न असा आला आहे: मनोविकारांवरच्या औषधांच्या अभ्यासासाठी रुग्णांना द्यायची प्रश्नावली मराठीत करायची आहे, त्यात ‘अकॅथिसिया’ला, म्हणजे एका जागी बसता न येण्याच्या त्रासाला, ‘अस्वस्थता’ म्हटले तर चालेल का?

माझे मत, चालणार नाही. निकालाची वाट पाहणाराही अस्वस्थच असतो. हा शब्द मनाकडे झुकतो आणि पायांचे काय होते आहे ते सांगायचे राहून जाते.

प्रागचे डॉक्टर लाडिस्लाव्ह हाश्कोव्हेक यांनी १९०१ मध्ये हे नाव दिले. ग्रीकमधला ‘अ’ आपल्यासारखाच नकाराचा, आणि पुढचा भाग ‘बसणे’ या अर्थाचा. म्हणजे बसता न येणे. तेव्हा मनोविकारांवरची आजची औषधे नव्हती. ती १९५२ नंतर आली आणि त्यांतल्या, मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे काम अडवणाऱ्या औषधांचा त्रास म्हणून हेच लक्षण पुन्हा समोर आले. माणूस खुर्चीत बसतो, पाय हलवतो, उठतो, उभ्या उभ्या या पायावरून त्या पायावर भार टाकत राहतो. हे आजाराचेच खवळणे समजून औषध वाढवले, तर त्रासही वाढतो. मानसोपचार आणि हालचालींचे विकार यांच्या सीमेवरचे हे लक्षण आहे, म्हणून शब्द नेमका हवा.

‘चुळबूळ’ बाहेरून दिसते. ‘तगमग’ आतली. हे लक्षण मोजण्याच्या १९८९ च्या बार्न्स मापनपट्टीतही हे दोन भाग वेगळे आहेत: रुग्णाला बसलेला आणि उभा असा पाहायचे, मग आत काय होते ते त्याला विचारायचे. काही जण हालचाल दाबून धरतात. त्यांची चुळबूळ दिसत नाही, तगमग मात्र असते.

आणि दोन्हींना सांधणारे रूप मराठी व्याकरणात तयारच आहे: शक्य क्रियापद. ‘तो बसत नाही’ म्हटले की दोष त्याच्याकडे जातो, जणू ऐकतच नाही. ‘त्याला बसवत नाही’ म्हटले की बसायची इच्छा असूनही ते होत नाही, हे त्या एका ‘व’मध्ये येते. मला तर ग्रीक नावापेक्षा हे जास्त नेमके वाटते.

म्हणून डॉक्टरांच्या नोंदीत ‘अकॅथिसिया’च ठेवा. निरीक्षकाच्या रकान्यात ‘चुळबूळ’ लिहा. रुग्णाला मात्र विचारा: ‘तुम्हाला एका जागी बसवते का? बसून राहावे लागले तर आत तगमग होते का?’